खोतावाचून गावकी : मोबाईलचे नित्याचे प्रश्न आणि आंतरजालावरील विकेंद्रित समुदाय

शेतकीच्या मासिकात मोबाईल व आंतरजाल यांजविषयी लेख कशास पाहिजे, अशी शंका काही वाचक घेतील. त्यांस आमचे उत्तर इतकेच की, नांगर आणि कोयता ही जशी शेतकीची अवजारे, तसे मोबाईल हेही आज शेतकीचे अवजार होऊन बसले आहे. ज्यावाचून पिकाची नोंद होत नाही, अनुदानाचा हप्ता मिळत नाही आणि बाजारभाव कळत नाही, त्याचे गुणदोष न पाहता ते वापरणे म्हणजे दात न पाहता बैल विकत घेण्यासारखे आहे.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून नियत वयोमानानुसार निवृत्त झालो. आमचे शिक्षण मराठी शाळेतले. यंत्रविद्येचा अभ्यास आम्ही केलेला नाही. तथापि उमरठ व आसपासच्या वाड्यांतील खातेदार पूर्वी आमच्याकडे कागद घेऊन येत, ते आता मोबाईल घेऊन येतात. या अनुभवावरून दोन गोष्टी वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. पहिली, वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे. आणि दुसरी, जी आमच्या मते अधिक महत्त्वाची आहे, ती ही की, अशी उत्तरे साठवावी कोठे आणि त्या साठ्याचा मालक कोण असावा.

प्रथम प्रश्न पाहू. "सातबारा मोबाईलवर दिसतो, मग बँकेत तो का चालत नाही?" हा प्रश्न सर्वांत जुना. महाभूलेखावर विनाशुल्क दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. त्यास 15 रुपये शुल्क पडते, तो कायदेशीर कामास चालतो, आणि त्यावर निराळ्या सही-शिक्क्याची जरुरी नसते. दिसण्यात दोन्ही सारखेच. भेद स्वाक्षरीचा आहे.

दुसरा प्रश्न डोंगराळ भागाचा. आमच्या पोलादपूर तालुक्यात भाताची खाचरे खाली आणि नाचणी-वरीची वरकस जमीन वर, असा प्रकार आहे. वर बहुतेक ठिकाणी रेंज नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून खातेदाराने स्वतः शेतात जाऊन पिकाचे छायाचित्र काढावयाचे आहे. "रेंजच नाही, तर मोबाईलला आमचे शेत कसे कळणार?" असे शेतकरी विचारतात. वस्तुस्थिती अशी की, मोबाईल आपले स्थान उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून ओळखतो; त्यास रेंज लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. मात्र दाट झाडीखाली किंवा कड्याच्या पोटाशी हे संकेत नीट पोहोचत नाहीत. सबब मोकळ्या बांधावर उभे राहून थोडा वेळ थांबावे, शेतातील नोंद शेतातच पुरी करावी, आणि रेंज मिळेल तेथे येऊन ती पाठवावी. घरी बसून शेजाऱ्याच्या पिकाचे चित्र जोडण्याच्या फंदात कोणी पडू नये. पुढे नुकसानभरपाईच्या वेळी गाव नमुना बारामधील नोंदच बोलते, आपले तोंड नव्हे.

तिसरा प्रश्न फसवणुकीचा. "हप्त्याची यादी" अथवा "केवायसी" असे नाव देऊन ग्रुपवर एखादी फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे असतात. ती यादी नसून मोबाईलमध्ये शिरणारा एक संपूर्ण कार्यक्रम असतो. तो बसविला की आलेला ओटीपी आपल्याआधी चोर वाचतो. कोणतेही सरकारी खाते ग्रुपवर अशी फाईल पाठवून पैसे देत नाही. पैसे गेलेच, तर दिवस न दवडता 1930 या क्रमांकावर कळवावे. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

चौथा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सर्वांचा आहे. "फोन भरला, असे येते, काय पुसावे?" बहुधा शेतीचे कागद नव्हे, तर सकाळी येणारी फुलांची चित्रे व चलच्चित्रे यांनीच तो भरलेला असतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ती आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करावी, म्हणजे अर्धे दुखणे जाते. पिकावरील रोगासंबंधी प्रश्न असेल, तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा विनाशुल्क क्रमांक 2004 पासून चालू आहे. तेथे मराठीत विचारता येते.

ही उत्तरे नवी नाहीत. गावच्या ग्रुपवर ती कोणी ना कोणी यापूर्वी दिलेलीच आहेत. परंतु खरीप आला की तेच प्रश्न पुन्हा येतात आणि तीच धांदल पुन्हा होते. याचे कारण शेतकऱ्यांचा विसराळूपणा नव्हे. ग्रुपवरील उत्तर हे ओढ्याच्या पाण्यासारखे आहे. आले, दिसले, वाहून गेले. नव्याने आलेल्या सभासदास मागील चर्चा सहसा दिसत नाही. शेजारच्या गावास तर ती कधीच दिसत नाही. मोबाईल हरवला आणि प्रत ठेवलेली नसली, तर ज्याने ती जपली त्याच्याकडूनही ती जाते. महसूल खात्यात आम्ही एक गोष्ट शिकलो: ज्या नोंदीचे दप्तर नाही, ती नोंद नव्हे. गावाचे आजचे शहाणपण दप्तरावाचून पडले आहे.

आता मालकीचा प्रश्न. आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यास (1981 पासून रायगड) हा प्रश्न अपरिचित नाही. खोत हा मुळात सरकारसाठी सारा वसूल करून देणारा मध्यस्थ. परंतु हिशेब त्याच्या हाती, वहिवाट त्याच्या हाती. म्हणून व्यवहारात तोच गावाचा धनी झाला. कूळ पिढ्यान् पिढ्या जमीन कसे, पण आपण कसतो याचा पुरावा त्याच्यापाशी नसे. याविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबागजवळ चरी येथे 1933 ते 1939 असा दीर्घ संप झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आणि अखेर 1949 च्या कायद्याने खोती गेली. त्या लढ्याचे मर्म असे की, जो कसतो त्याची नोंद त्याच्याच नावे असली पाहिजे.

आंतरजालावरील मोठ्या कंपन्यांस आम्ही खोत म्हणतो, ते शिवी म्हणून नव्हे, तर व्यवस्थेचे वर्णन म्हणून. ग्रुप आपण भरवितो, प्रश्न आपण विचारतो, उत्तरे आपण देतो. पण वाडा दुसऱ्याचा. ऑर्कुट नावाच्या स्थळावर मराठी मंडळींनी शेकडो विषयांच्या मंडळ्या जमविल्या होत्या. मालक कंपनीने 30 सप्टेंबर 2014 रोजी ते बंद केले. त्याच कंपनीचे गूगल प्लस 2019 च्या एप्रिलमध्ये बंद झाले. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम ही तिन्ही सुमारे सहा तास जगभर एकाच वेळी बंद पडली, कारण तिघांचा धनी एक. कंपनीने दुष्टपणा केला असे येथे म्हणावयाचे नाही. एका खुंटीला सर्व दावी बांधली, की खुंटी उपटताच सारी जनावरे मोकाट होतात, एवढेच आमचे म्हणणे.

यास दुसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो नवा नाही. टपालाची व्यवस्था पाहा. महाडच्या पोस्टात टाकलेले पत्र परदेशातील पोस्टही पोहोचविते, कारण सर्व देशांच्या टपालखात्यांनी एक रीत मान्य केली आहे. सर्व पोस्टांचा मालक एक नाही. ईमेलही तसाच: निरनिराळ्या कंपन्यांचे खाते असलेले दोघे एकमेकांस पत्र धाडू शकतात. व्हॉट्सॲपवाल्यास मात्र बहुतांशी व्हॉट्सॲपवाल्याशीच बोलावे लागत आले आहे.

याच रीतीवर 1979-80 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूजनेट ही योजना काढली. प्रत्येक संस्थेचा संगणक आपल्या येथील लेख साठवी आणि शेजारच्या संगणकास प्रत देई; त्याने पुढच्यास. कोणी एक मालक नाही, तरी मजकूर जगभर पोहोचे. आमच्या वाचकांस हे ऐकून संतोष वाटेल की, 1990 च्या दशकात याच जाळ्यावर 'सॉक-कल्चर-इंडियन-मराठी' असा एक मराठी मंडळींचा गट होता. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात आंतरजाल सर्वसामान्यांस खुले केले. त्यामुळे आरंभी या गटात परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांचा व नोकरदारांचा भरणा असणे स्वाभाविक होते. देवनागरी अक्षरे संगणकावर सुलभ नव्हती, म्हणून ते रोमन लिपीत मराठी लिहीत. घरापासून हजारो कोस दूर असलेल्या माणसांस परक्या अक्षरांतून का होईना, आपली भाषा वाचावयास मिळे.

पुढे मराठी माणसांनी स्वतःची स्थळे उभारली: 1996 साली मायबोली, 2004 साली मनोगत, 2007 साली मिसळपाव, 2011 साली ऐसी अक्षरे. मराठी विकिपीडिया 2003 साली सुरू झाला. यांतील चर्चा-स्थळे म्हणजे स्वतंत्र गावेच होत. प्रत्येकाची वेस निराळी, पाटील निराळा, चालीरीती निराळ्या. पाककृतीपासून संगणकाच्या दुरुस्तीपर्यंत सर्व प्रश्न तेथे विचारले गेले आणि विषयवार राहिल्यामुळे पुढील माणसास उपयोगी पडले. उणीव एकच होती: एका गावचा रहिवासी दुसऱ्या गावात बोलू इच्छील, तर तेथे पुन्हा नाव नोंदवावे लागे.

ती उणीव भरून काढण्याची रीत गेल्या काही वर्षांत सिद्ध झाली आहे. 2016 साली ऑयगेन रोख्को या जर्मनीतील तरुणाने मॅस्टोडॉन नावाची प्रणाली लोकांस मोफत दिली. 23 जानेवारी 2018 रोजी जागतिक जाल-संघाने ॲक्टिव्हिटीपब ही सामायिक बोली प्रमाण म्हणून जाहीर केली. ती बोलणारे सर्व सर्व्हर एकमेकांशी व्यवहार करतात. या समूहास फेडिव्हर्स म्हणतात. आम्ही त्यास 'गावांचा संघ' म्हणू. कोणीही आपला सर्व्हर मांडावा, आपले नियम करावे, आणि तरीही अन्य गावांतील माणसांशी बोलावे. नोव्हेंबर 2019 मध्ये, सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते बंद करण्यात आल्यानंतर, भारतातील पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर गेले; 2022 च्या अखेरीस ट्विटरचा मालक बदलल्यावर जगभरातून पुन्हा मोठी रीघ लागली. बरेचसे परतले, ही गोष्टही लपवून ठेवण्यासारखी नाही. ओळखीची माणसे जेथे, तेथे माणूस राहतो.

येथवर गुण सांगितले. दोष न सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल.

पहिला दोष खर्चाचा व कष्टाचा. मालक नाही म्हणजे खर्च नाही, असे नव्हे. सर्व्हरचे भाडे, नावाचे नूतनीकरण, रात्री-अपरात्री होणारी दुरुस्ती हे सर्व कोणीतरी करावे लागते. बहुधा एकच उत्साही गृहस्थ ते करतो आणि तो थकला की गाव उठते. मॅस्टोडॉन-टेक्नॉलॉजी नावाचा चांगला नांदता सर्व्हर 2022 मध्ये याच तऱ्हेने बंद झाला. मॅस्टोडॉनवर एका गावचे बिऱ्हाड दुसरीकडे नेता येते. आपले अनुयायी बरोबर येतात, पण जुने लेख मागेच राहतात. म्हणजे माणसे हलतात, दप्तर हलत नाही.

दुसरा दोष गावकीचा. आमच्या जिल्ह्यात गावकीने वाळीत टाकल्याची प्रकरणे इतकी झाली की, त्यांचा बोभाटा विधिमंडळापर्यंत गेला. सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा राज्याने 2016 साली केला व तो 2017 पासून अंमलात आला. लहान गावात न्याय लवकर मिळतो, तसा अन्यायही लवकर होतो. आंतरजालावरील लहान गावेही एकमेकांशी व्यवहार तोडतात, चालक आपल्या मर्जीने माणसास बाहेर घालवितो. महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी जे घडले, त्याचा बोध हाच आहे की, पाणवठा गावाचा आहे एवढ्याने तो सर्वांचा होत नाही. सर्वांस ओंजळ भरता आली पाहिजे. सबब खोत गेला म्हणजे सर्व झाले, असे कोणी समजू नये. गावकीचे नियम लेखी असावेत, आणि ज्यास बाहेर काढावयाचे त्याचे म्हणणे आधी ऐकले जावे.

तिसरा दोष अफवेचा. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसे ठार मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास बंदी घातली. मोठ्या मालकास निदान असा एक हुकूम काढता येतो. मालक नसलेल्या संघात हा भार प्रत्येक गावच्या चालकावर येतो. ज्यास हा भार उचलावयाचा नाही, त्याने सर्व्हर मांडू नये.

चौथी गोष्ट ही दोष नव्हे, मर्यादा आहे. 22 जुलै 2021 चा दिवस या खोऱ्यातील कोणीही विसरणार नाही. महाबळेश्वरास त्या दिवसाच्या आगेमागे चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. तेथेच उगम पावणाऱ्या सावित्रीने महाड बुडविले. महाड तालुक्यात तळिये, आणि आमच्या तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. एकट्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. वीज नाही, रस्ते पाण्याखाली, मोबाईलचे मनोरे मुके. त्यामुळे बातमी बाहेर जाण्यास आणि मदत आत येण्यास विलंब झाला. अशा वेळी खोताचा वाडाही उपयोगी नाही आणि गावांचा संघही नाही. ज्या माहितीवर जीव अवलंबून आहे, ती कागदावर, चावडीच्या भिंतीवर आणि माणसांच्या तोंडी असली पाहिजे: दरडीखालची घरे कोणती, कोणत्या उंच जागी जमावयाचे, पायवाट कोणती. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. त्यांच्या काळी वर्दी माणसाच्या पायाने जाई. तो उपाय अजून कालबाह्य झालेला नाही.

या सर्वांचा विचार करून आम्ही संस्थेपुढे पुढील सूचना ठेवितो.

एक : व्हॉट्सॲपचा ग्रुप मोडू नये. माणसे तेथे आहेत. निरोपास तो उत्तम आहे. परंतु त्यास दप्तर समजू नये. निरोप तेथे, नोंद अन्यत्र, हा नियम असावा.

दोन : संस्थेने 'प्रश्नोत्तरांची वही' घालावी. प्रत्येक नोंदीत प्रश्न, उत्तर, उत्तर कोणी पडताळले आणि तारीख, ही चार कलमे असावीत. तारखेवाचून उत्तर घातक. कारण शासनाचे नियम आणि ॲपची रूपे वर्षाला पालटतात. वर्षातून एकदा, मृगापूर्वी, जुनी उत्तरे तपासून बाद करावीत.

तीन : हीच वही संस्थेच्या स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर आंतरजालावर ठेवावी. ते नाव कोणा चिरंजीवाच्या खाजगी खात्यावर न घेता संस्थेच्या नावे घ्यावे, आणि परवलीचा शब्द दोन पदाधिकाऱ्यांपाशी लखोट्यात मोहोरबंद असावा. नूतनीकरणाची तारीख ताळेबंदाच्या तारखेस जोडावी.

चार : शेजारच्या चार-पाच संस्थांनी असेच केले, तर मग संघाचा विचार करावा. त्याआधी स्वतःचा सर्व्हर मांडण्याचा हव्यास नको. पीक आधी, कोठार मागाहून.

पाच : खातेक्रमांक, आधार, ओटीपी, कोणाची थकबाकी, कोणाचा वाद यांतील एक अक्षरही त्या वहीत येऊ नये. उघडे ते सर्वांस उघडे, चोरासही.

सहा : दर तिमाहीस वहीची छापील प्रत काढून चावडीत टांगावी. यंत्र बंद पडले तरी कागद वाचता येतो, आणि ज्या वृद्धांपाशी मोबाईल नाही, त्यांचाही त्यावर हक्क आहे.

या कामास पैसा थोडा लागेल, चिकाटी फार लागेल. पहिल्या वर्षी उत्साह असतो. तिसऱ्या वर्षी वही धूळ खात पडते, हा सर्व सार्वजनिक कामांचा अनुभव आहे. म्हणून हे काम कोणा एका हौशी तरुणावर न टाकता पाळीने वाटून द्यावे, जसे पाटाचे पाणी आपण पाळीने घेतो. शिकलेल्या मुलांस यंत्र कळते, वडीलधाऱ्यांस जमीन कळते. वही लिहावयास दोघेही पाहिजेत.

आपल्या वाडवडिलांनी जमिनीच्या नोंदीसाठी कित्येक वर्षे झगडा दिला, तेव्हा सातबारावर कुळाचे नाव लागले. आपले शहाणपण हीही आपली मिळकतच आहे. तिची नोंद आपल्या नावे करून घेण्यास आज ना संप करावा लागत, ना विधेयक मांडावे लागत. वही आणि ती लिहिणारी चार माणसे मिळाली की काम सुरू होते. ज्या वाचकांस ही सूचना पटेल, त्यांनी आपल्या गावात वारंवार विचारले जाणारे पाच प्रश्न, पडताळलेल्या उत्तरांसह आणि तारखेसह, येत्या मृगापूर्वी संस्थेच्या कार्यालयाकडे लिहून पाठवावेत.